कोपरा तिनं साफ केला

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंद गोदामाची लांबलचक भिंत आहे. त्या भिंतीच्या कोपऱ्यावर कचरा पडायचा. कधीपासून, ते कुणालाच सांगता येणार नाही. मी शाळेत जायचो तेव्हा नाक दाबून तिथून वळायचो. पुढं माझी मुलगीही तशीच वळायची, आणि लग्न होऊन मैसूरला गेली तरी कोपरा तसाच होता. आज तो स्वच्छ आहे. याचा मला जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण तो मी साफ केला नाही. तिनं केला.

ती म्हणजे समोरच्या माडीवर भाड्यानं राहायला आलेली पुणेकरीण. वय तिशी-पस्तिशीचं. नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरकडच्या कुठल्याशा कंपनीत, पण बरेच दिवस घरूनच काम. नवरा सकाळी निघायचा आणि रिंग रोडवरच्या गर्दीत जीव आटवून रात्री परतायचा. ही मात्र दिवसातून चारदा खाली उतरून गल्लीत काय चाललंय ते बघायची.

माझं चामराजपेटेत फ्रेमचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागंच घर. लग्नाचे फोटो, वारलेल्या आजोबांचे फोटो असं सगळं मी काचेत बसवतो, पण मुख्य धंदा देवांचा. आमचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आलं ते इथलंच झालं. साडेतीनशे वर्षं तरी झाली असतील. घरात मराठी, दारात कन्नड, असंच आम्ही वाढलो. तर ही बाई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी बायकोशी काहीतरी बोलत होतो. तिनं ते ऐकलं आणि डोळे मोठे करून म्हणाली, "अय्या काका, तुम्ही किती छान मराठी बोलता! कुठे शिकलात?"

"आईच्या मांडीवर," मी म्हटलं.

बायको खळखळून हसली. मला हसू आलं नाही. एक तर मराठीची पावती मला पुण्याहून नको होती, आणि दुसरं म्हणजे ते 'काका'. सगळी गल्ली मला अण्णा म्हणते. चार पिढ्यांची ओळख असलेला माणूस अण्णा म्हणतो आणि कालची भाडेकरू काका म्हणते, हे मला तेव्हाच खटकलं.

गल्लीचा रहिवासी संघ मी चालवायचो. अध्यक्ष मी. चिटणीस म्हणून ज्यांचं नाव होतं ते गृहस्थ बहुतेक वेळ मुलाकडे परदेशात असत, त्यामुळं चिटणीसही मीच. नोव्हेंबरात कन्नड राज्योत्सवाचा झेंडा, भाद्रपदात गणपती, आणि अधूनमधून पालिकेकडं अर्ज, एवढं आमचं काम. पण रस्त्यावरचा दिवा गेला, गटार तुंबलं, कावेरीचं पाणी आलं नाही की माणसं सरळ दुकानात यायची. "अण्णा, स्वल्प बघा की." मग मी सगळ्यांसमोर इंजिनियरला फोन लावायचो, आणि जरा मोठ्या आवाजातच बोलायचो. फोन ठेवून "सांगितलंय" म्हटलं की माणसं समाधानानं निघून जायची. दिवा कधी लागायचा, कधी नाही लागायचा. पण विचारायला मात्र ती माझ्याकडंच यायची, आणि त्यात मला फार सुख होतं. खोटं कशाला बोलू?

कोपऱ्यानं मात्र मला कधी दाद दिली नाही. अर्ज केले, गाड्या आणवल्या, ढीग उचलवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशव्या. 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी लावली, तर ती पाटीच कचऱ्यात बुडून गेली. शेवटी मी म्हणायला लागलो की हा कोपरा असाच आहे, आणि लोकांनीही ते मान्य केलं.

पुणेकरणीनं मान्य केलं नाही. संघाच्या सभेला ती आगंतुकासारखी आली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, संघात बायका किती आहेत?"

"कुणी नको म्हटलंय का त्यांना?" मी म्हटलं.

"बोलावलंय का पण?"

सभेत दोघंतिघं हसले. त्याच आठवड्यात तिनं फोनवर गल्लीचा ग्रुप काढला. त्यात सगळ्या घरच्या बायका, फुलवाली, इस्त्रीवाला, आणि उपकार केल्यासारखा मीसुद्धा. मी एकदा 'नमस्कार' लिहिलं आणि गप्प बसलो. तिचा पहिला मेसेज मला अजून आठवतो. "ॲक्चुअली आपण सगळे प्रॉब्लेम एकदम नको घेऊया. फक्त एक कॉर्नर. फक्त कचरा." मी मनात म्हटलं, बघू या, हा कोपरा माझ्या बापाला पुरून उरलाय.

तिची पद्धत अगदीच साधी होती, त्याचंच जास्त दुःख. पहाटे दोघी-दोघी जणी कोपऱ्यावर उभ्या राहायच्या. पिशवी टाकायला आलेल्या माणसावर ओरडायच्या नाहीत. फक्त विचारायच्या, तुम्ही कुठे राहता, कचऱ्याची गाडी तुमच्याकडे केव्हा येते, तुमची चुकते का? असं विचारता विचारता कळलं की टाकणारे निम्मे शेजारच्या गल्लीत खोल्या घेऊन राहणारे नोकरदार, गाडी यायच्या आधीच कामाला निघणारे. त्यांचं दार बंद, तर ते कचरा देणार कुणाला? मग आमच्या गल्लीतल्या काही घरांनी दाराबाहेर त्यांच्यासाठी डबे ठेवले. गाडीवाल्याला विनवून तिथं थांबायला लावलं. एका रविवारी कोपरा धुतला, भिंतीला चुना दिला. आणि रोज सकाळी तिथं रांगोळी काढायची अशी बायकांची पाळी ठरली. रांगोळीवर पिशवी फेकायला आपल्याकडं कुणाचा हात धजत नाही.

कोपरा स्वच्छ झाला. महिन्याभरात.

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही ओव्यानं थांबणारं नव्हतं. पालिकेचे आरोग्य निरीक्षक, ज्यांच्या दारात मी कैक सकाळी ताटकळलो होतो, ते स्वतः येऊन तिच्याशी हसत बोलले. स्थानिक पेपरात फोटो आला. मधोमध ती, भोवती बायका, आणि अगदी कडेला माझा एक खांदा. तो पेपर बायकोनं जपून ठेवला. मी म्हटलं, "ठेव, मांडणीवर घालायला होईल."

बायकोचंच तर जास्त लागलं होतं. संघाच्या एवढ्या वर्षांत ती एकाही सभेला आली नव्हती. आणि आता पाळीच्या दिवशी पहाटे अंघोळ करून, पदर खोचून, रांगोळीचा डबा घेऊन निघायची. मी दुकानाचं शटर अर्धं वर करून बघत बसायचो. कोपऱ्यावरून तिचा हसण्याचा आवाज यायचा. घरी ती एवढी हसत नसे. पुणेकरीण तिला 'काकू' म्हणायची, आणि तिला ते खटकत नव्हतं.

कळस केला तो इस्त्रीवाल्यानं. एके दुपारी तो दुकानाच्या पायरीवर आला. गटार तुंबलं होतं. मी फोन हातात घेतला. तो म्हणाला, "नाही अण्णा, ते मॅडम वर आहेत का, तेवढं विचारायला आलो." म्हणजे मी आता तिचा पत्ता सांगायला बसलो होतो.

मी वाट बघायला लागलो. नव्याचे नऊ दिवस, म्हणत होतो. झालंही तसंच. जून संपता संपता पुण्याला तिच्या आईचं ऑपरेशन निघालं आणि ती तीन महिन्यांसाठी गेली. इकडं पाऊस रोज संध्याकाळी रांगोळी धुऊन न्यायचा, बायकांना कंटाळा आला, पाळ्या चुकू लागल्या. आणि एका सकाळी कोपऱ्यावर पिशवी दिसली. काळी, गच्च भरलेली, वर गाठ मारलेली. इतकी सुंदर पिशवी मी आयुष्यात पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी चार झाल्या. ग्रुपवर हलकल्लोळ माजला, आणि मी शांतपणे लिहिलं, "मी बघतो."

दुकानात तिरुपतीच्या बालाजीची एक भली मोठी तसबीर पडून होती. एका हॉटेलवाल्यानं सांगितली होती, पुन्हा तोंड दाखवलं नाही. मी तिला जाड सोनेरी पट्टी चढवली, नवी काच घातली, आणि गोदामाच्या भिंतीत दोन मोठे खिळे ठोकून कोपऱ्यावर टांगली. रांगोळी पावसात जाते, देव जात नाही. दुसऱ्या दिवशी एकही पिशवी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ग्रुपवर नुसते जोडलेले हात. 'अण्णा सूपर', 'अण्णाच पाहिजेत'. ते मेसेज मी किती वेळा वाचले ते सांगत नाही. बायकोनंही येऊन पाहिलं. "चांगलं केलंत," म्हणाली. मग निघता निघता, "पण त्याच्यापुढं दिवा कोण लावणार?"

"लावेल कुणीतरी," मी म्हटलं.

लावला. आठवड्यात हार आला, दिवा आला, कुणीतरी खाली फरशीचा तुकडा ठेवून छोटा कट्टाच केला. आणि मग एका सकाळी त्या कट्ट्याला टेकून एक लक्ष्मी उभी दिसली. काच तडकलेली, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला.

आता आपल्याकडची रीत अशी की फुटक्या काचेचा देव घरात ठेवायचा नाही, आणि देव म्हणून कचऱ्यातही टाकायचा नाही. मग माणसं तो गुपचूप पिंपळाच्या कट्ट्यावर नेऊन ठेवतात आणि हात जोडून मागं न बघता येतात. आमच्या भागातल्या देवळानं नुकतीच पिंपळाखाली तसबिरी ठेवायला बंदी केली होती. हे मला ठाऊक होतं. धंदाच माझा तो. तरी डोक्यात आलं नाही. लक्ष्मीच्या मागून सरस्वती आली, मग राघवेंद्रस्वामी, मग एकाच घरातले असावेत असे एकदम सात देव. दसऱ्याची साफसफाई सुरू झाली तशी तर रीघच लागली. पूर्वी ज्या स्कूटरवरून पिशवी भिरकावली जायची तीच स्कूटर आता हळू व्हायची. माणूस उतरायचा, चप्पल काढायचा, नमस्कार करायचा, तसबीर ठेवून निघून जायचा. त्याला बोलणार कोण, आणि काय? झाडूवाल्या बायका कपाळाला हात लावून ढिगाच्या भोवतीनं झाडून जायच्या. पिशव्या निदान गाडीत जात होत्या. हे तर कुणी उचलेना.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं म्हणतात. आमच्या कोपऱ्यावर दोघेही होते, काचा फुटलेले. आणि एखादी तसबीर उलटी करून बघितली तर निम्म्यांच्या पाठीवर माझ्याच दुकानाचा शिक्का.

पुणेकरीण परतली ती नेमकी या सगळ्याच्या मध्ये. मी तयारीत होतो. ती टोमणा मारणार, मग मी काय बोलायचं तेही मनात घोळवून ठेवलं होतं. ती कोपऱ्यावर आली, चप्पल काढली, ढिगाकडं बघितलं आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "काका, हा प्रॉब्लेम माझ्या लेव्हलच्या बाहेरचा आहे हो," म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला जास्त झोंबलं. माणसानं निदान वैर तरी धड करावं.

सभा माझ्याच दुकानात झाली. जागा पुरेना म्हणून लोक पायरीवर उभे. एकानं सुचवलं की आता तिथं देऊळच बांधू, अध्यक्ष अण्णा. मला मोह झाला नाही असं नाही. दुसरा म्हणाला, देऊळ बांधलं तर भांडणं सुरू होतील आणि ती आपली नातवंडंही भांडत बसतील. तिसरा म्हणाला, रातोरात उचलून तळ्यात सोडू. त्यावर तळ्याचं काय पाप, म्हणून आरडाओरडा. तेवढ्यात आतल्या दारातून माझी बायको म्हणाली, "एक सांगू का?"

आणि ती कन्नडमधून बोलायला लागली. तिला कन्नड येतं हे मला माहीतच होतं, भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी तीच बोलते. पण एवढ्या माणसांपुढं तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, लोक वाईट नाहीत, त्यांना देव खाली ठेवायला जागा नाही. जागा द्या, कोपरा मोकळा होईल. महिन्यातून एक रविवार ठरवू. ज्याला जुनी तसबीर द्यायची त्यानं ती या दुकानात आणून द्यावी. आम्ही बायका अक्षता वाहू, निरोप देऊ, मग काच वेगळी, लाकूड वेगळं, आणि कागद पाण्यात भिजवून कुंड्यांच्या मातीत. फुलझाडाखाली गेला तर देवाला काय वाईट वाटणार आहे? आणि बालाजी आमचा आहे, तो आम्ही परत दुकानात आणतो.

"सरी अक्का," मागून कुणीतरी होकार देत म्हणालं. मग सगळेच म्हणाले. मला कुणी विचारलं नाही, दुकान माझं असून.

पहिल्या रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका खाली गोल करून बसल्या होत्या आणि पकडीनं खिळे उपसत होत्या. कोपरा आठ दिवसांत मोकळा झाला, भिंतीवर माझे दोन खिळे तेवढे राहिले. रांगोळी पुन्हा सुरू झाली.

थोड्या दिवसांनी वॉर्ड ऑफिसातून निरोप आला की वॉर्डाच्या मासिक बैठकीला प्रत्येक भागातल्या गटानं एक माणूस पाठवावा. म्हणजे इंजिनियर, आरोग्य निरीक्षक, पाणीवाले, सगळे एका टेबलाला आणि आपला माणूसही त्यांच्या बरोबरीनं. मी अशा खुर्चीची किती वर्षं वाट बघत होतो. निवडायच्या सभेला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. पुणेकरीण उभी राहणार हे धरूनच चाललो होतो आणि भाषणही तयार होतं. ती भाडेकरू आहे, आज आहे उद्या नाही, आणि ऑफिसात कन्नड लागतं, असं नम्रपणे मांडायचं होतं.

ती उठली आणि मोडक्या कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, "अक्का होगली." अक्कांना जाऊ द्या.

भराभर हात वर झाले. फुलवालीचा, इस्त्रीवाल्याचा, त्या कायम परदेशात असणाऱ्या चिटणिसांचासुद्धा, नेमके त्या दिवशी ते हजर होते. माझा हात शेवटून दुसरा वर गेला. एकटा खाली राहू नये म्हणून.

परकीचा हेवा करणं सोपं असतं, हे मला तेव्हा समजलं. तिच्या भाषेला हसता येतं, तिच्या जीन्सवर बोलता येतं, चार लोक माना डोलावतात. पण आपल्याच बायकोचा हेवा वाटतो, हे सांगायचं कुणाला? मी पोळी खाताना तिच्याकडं बघायचो आणि आतून नुसता जळायचो. ती फोनवर बोलायला लागली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. ती आत जाऊन बोलायची.

पहिल्या बैठकीहून ती दुपारी घरी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसलो होतो. अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दिवस होते. भिजवलेले दाणे चिमटीत धरून सालातून बाहेर काढायचे, हे काम मला आवडतं. ती हात धुऊन समोर बसली आणि तीही दाणे सोलायला लागली. तिनंच सांगितलं, फुटपाथचं काम लागणार, इंजिनियर आधी उडवाउडवी करत होता, मग वठणीवर आला.

"आता काय बाबा, तुझ्या दारात रांग लागेल," मी म्हटलं.

"तुम्हाला जळायला होतंय."

"मला? मला कशाला होईल?"

"होऊ दे हो. मला माहीत आहे ते कसं होतं." ती दाण्यांकडंच बघत बोलत होती, आवाजात राग नव्हता. "तुम्ही दुकानात बसून इंजिनियरला फोन लावायचा. माणसं अण्णा, अण्णा करायची. मी आतून कॉफी घेऊन यायचे. कोण काय म्हणतंय ते मला सगळं ऐकू यायचं. काय करायला पाहिजे तेही सुचायचं. पेले ठेवायचे आणि परत आत जायचे. एवढी वर्षं."

"मग बोलायचं होतंस. मी काय नको म्हणालो असतो?"

"'तूही बस' म्हणाल असं वाटायचं," ती म्हणाली. "म्हणून एकेक पेला स्वल्प हळूच ठेवायचे."

मी दाणे सोलत राहिलो. कॉफी मला आठवत होती. पितळेचे पेले, त्यांवरचा फेस, कुणाला साखर कमी लागायची तेही आठवत होतं. ती ते हळू ठेवायची की भरभर, ते मात्र काही केल्या आठवेना.